नजरवाले डॉक्टर

पेशंट दारातून आत आला, की खुर्चीपर्यंत पोचायच्या आत डॉक्टरांनी त्याचं दुखणं ओळखलेलं असायचं. म्हणून त्या सगळ्या भागात त्यांना नजरवाले डॉक्टर म्हणत. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचून कुणी येत नव्हतं.

"चपला नव्या घेतल्यात, त्याही एक नंबर मोठ्या," ते समोरच्या बाईंना म्हणायचे. "संध्याकाळी पाय सुजतात ना? आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत." बाई आ वासून बघत राहायच्या. बाहेर बाकावर बसलेल्यांनी ते ऐकलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाक आणखी भरायचा.

बायको म्हणायची, ही देवाची देणगी आहे, जपा. तिची देवावर मोठी श्रद्धा. नवरा दवाखान्यात निघाला, की दाराशी उभी राहून ती मनातल्या मनात चार शब्द म्हणायची. डॉक्टर हसायचे. "देवाची कसली, खिडकीची देणगी," म्हणायचे. त्यातही तथ्य होतंच. दवाखान्याच्या आतल्या खोलीला मोठी थोरली खिडकी होती आणि तिला त्यांनी कधी पडदा लावू दिला नाही. टेबल असं मांडलं होतं, की येणाऱ्याच्या तोंडावर सगळा उजेड पडावा आणि डॉक्टर स्वतः सावलीत राहावेत. अंधार पडल्यावर कुणी आलं आणि त्याच्या रंगाची शंका आली, तर ते सरळ सांगायचे, "सकाळी या. ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात."

जीभ मात्र नजरेपेक्षा तिखट. त्यातून मोबाइलवाले पेशंट आले, की त्यांना चेवच चढायचा. एकदा एक दुकानदार धापा टाकत आला. मनगटावर घड्याळ, हातात फोन. "डॉक्टर, ॲपमध्ये माझी नाडी शून्य दाखवतंय हो!"

"मग तुम्ही मेलात," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसा. मेलेल्यांना मी शेवटी बघतो."

बाक खो खो हसला. दुकानदार तासभर बसून राहिला आणि घड्याळाचा पट्टा सैल आहे एवढंच ऐकून घरी गेला. कुणी इंटरनेटवर वाचून आजाराचं नाव सांगितलं, की डॉक्टर आपला स्टेथोस्कोप त्याच्या फोनवर टेकवायचे आणि म्हणायचे, "दीर्घ श्वास घ्या, डॉक्टरसाहेब."

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. रस्त्याच्या पलीकडे काचेच्या दारांचा मोठा दवाखाना निघाला. तिथे फोनवरून वेळ मिळायची, फोनवरच डॉक्टर दिसायचा, औषध घरपोच यायचं. इकडचा बाक हळूहळू मोकळा पडू लागला. कंपाउंडर सकाळी तो पुसायचा आणि दुपारी पुन्हा पुसायचा. डॉक्टर घरी जेवताना पानातलं टाकायला लागले.

तेव्हा त्यांच्या भाचीने मनावर घेतलं. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. याच शहरात कॉलेजात शिकायची, होस्टेलवर राहायची आणि रविवारी मामाकडे जेवायला यायची. हुशार, बडबडी आणि कुणाचंही काम अंगावर घेणारी.

"मामा, तुझ्यासारखी नजर त्या काचेवाल्यांकडे आहे का? नाही ना? मग ती फोनमध्ये घाल की."

"नजर फोनमध्ये घालतात होय गं, बबडे? मग चष्मा कुणाला लावायचा, फोनला?"

"तू गप्प बस आणि इकडे बघ. हस जरा. असं नको, पेशंट पळतील."

तिने मामाचा फोटो काढला, पेशंटांना फोनवरून बघायच्या ॲपमध्ये त्यांचं खातं उघडून दिलं, कुठे दाबायचं ते शिकवलं. फोटो बघून डॉक्टर चकित झाले. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या होत्या, गालांवर तजेला आला होता, डोळे तर धुऊन काढल्यासारखे स्वच्छ.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तूच. फोन आपोआप करतो तसं. माणूस जरा बरा दिसतो."

"फारच बरा दिसतोय," डॉक्टर म्हणाले, आणि तो फोटो त्यांनी बदलू दिला नाही. बायकोला दाखवला, कंपाउंडरला दाखवला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फोन माणसाचा रंग बदलतो हे डॉक्टरांना ठाऊक होतं. स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी ते पाहिलं होतं, आणि ते त्यांना आवडलं होतं.

ॲपवर पेशंट यायला लागले. प्रत्येकाने जाताना चांदण्या द्यायच्या, एक ते पाच. सुरुवातीच्या दिवसांतच एका गृहस्थांना डॉक्टरांनी सवयीने सांगितलं, "मला तुमचा श्वास आवडला नाही. फोन ठेवा आणि समोर या. रक्तही तपासावं लागेल." गृहस्थांनी एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'विनाकारण घाबरवतात. पैसे काढायचे धंदे.' तीस वर्षांत डॉक्टरांना असं तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"अहो, एका चांदणीने काय आभाळ कोसळलं का?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं. ते सगळ्यांना दिसतं."

पुढच्या बाईंना त्यांनी म्हटलं, "काही विशेष नाही हो, काळजी करू नका." पाच चांदण्या. 'डॉक्टर फार गोड बोलतात. निम्मं दुखणं बोलण्यानेच गेलं.' डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. त्यानंतर त्यांच्या जिभेला जे वळण लागलं, ते कुणी शिकवून लागलं नसतं. काळजी करू नका. काही विशेष नाही. आराम करा, पाणी प्या. बाकावरच्या पेशंटांना टोमणे आणि फोनमधल्यांना मध. बाकावरचे चांदण्या देत नव्हते.

आता त्या बहिणीची गोष्ट.

तिला घरात पिरी म्हणत. लहानपणापासून पिरपिर करायची म्हणून पिरी. आज पोटात कळ, उद्या कानात दडा, परवा पायाला मुंग्या. त्यांचे वडील म्हणायचे, "पिरीला काय दुखतंय ते विचारू नका, वेळ जातो. काय दुखत नाही ते विचारा." सगळे हसायचे, पिरीही हसायची आणि मग म्हणायची, "पण खरंच दुखतंय हो." लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, मुलगी मोठी झाली, पण दुखणी काही सरली नाहीत. नवरा पोस्टात होता, गरीब स्वभावाचा. तो एकच वाक्य म्हणायचा, "दादांना विचार." आणि ती दादाला विचारायची. दुपारी दवाखाना बंद करून डॉक्टर जेवायला बसले, की पिरीचा व्हिडिओ कॉल. घरच्या ग्रुपवर तर त्यावर कायमचा विनोद होता: 'दादाची दुपारची ओपीडी, पेशंट एक, आजार छत्तीस.'

सुट्टीत भाची घरी गेली, तेव्हा आईला नवा फोन आला होता. भाचीने तोही नीट लावून दिला. आईला कॅमेऱ्यात स्वतःकडे बघायला आवडत नसे. "काळी म्हातारी दिसते मी त्यात," म्हणून ती फोन कपाळावर धरायची आणि समोरच्याला नुसतं छत दिसायचं. भाचीने कॅमेऱ्यात जाऊन मामाच्या फोटोसारखा चेहरा उजळणारं बटण आईच्या फोनमध्ये कायमचं चालू करून ठेवलं. आता पिरी पडद्यावर आली, की गाल गुलाबी, कातडी तुकतुकीत, डोळे पांढरेशुभ्र. तिने पहिल्यांदा पाहिलं आणि लाजली. त्या दिवसापासून छत दिसायचं बंद झालं. मुलीने आईला आनंद दिला होता. त्यात पाप कसलं?

आणि त्याच सुमाराला पिरीच्या पोटात काहीतरी वाढू लागलं.

"दादा, अंगाला खाज सुटते रे. रात्रभर खाजवते. पुरळ काही नाही, नुसती खाज."

डॉक्टरांच्या समोर ताट होतं, ताटाशेजारी दुसरा फोन, त्यावर ॲप. "साबण बदल."

"बदलला."

"मग परत जुना लाव. पिरे, तू दिसतेस मात्र मस्त हां. काय लावतेस तोंडाला?"

"चल, काहीतरीच," पिरी म्हणाली. खाज जरा वेळ विसरली.

मग एके दिवशी म्हणाली, भूक मेलीय, अन्न बघितलं की नको वाटतं.

"बरंच झालं. लग्नापासून सांगतोय वजन उतरव म्हणून."

"उतरलंय. ब्लाउज लोंबतात माझे."

"मग शिंपिणीकडे जा, माझ्याकडे काय काम आहे?" डॉक्टर हसले. पलीकडून वाढायला आलेली बायको म्हणाली, "अहो, नीट ऐका ना वन्संचं." डॉक्टरांनी हात उडवला. "ती आजारी असती तर असा रंग असता का? बघ की. तुझ्या-माझ्यापेक्षा तरतरीत आहे." बायकोने फोनमध्ये डोकावून पाहिलं. खरंच तरतरीत होती. बायको पोळी वाढून आत गेली.

त्यानंतरच्या खेपेला पिरी आवाज बारीक करून बोलली, कारण नवरा घरात होता. "दादा, लघवी काळ्या चहासारखी होते. आणि परसाकडचा रंगच गेलाय, पांढरट होते."

डॉक्टरांचा घास हातात राहिला. एवढं खरं, की त्या क्षणी त्यांच्यातला जुना डॉक्टर जागा झाला. खाज, भूक नाही, गडद लघवी, पांढरा मळ. कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. ते म्हणाले, "फोन जवळ आण. डोळा दाखव. खालची पापणी ओढ."

पिरीने फोन डोळ्याशी नेला आणि बोटाने पापणी ओढली. पडद्यावर डोळा आला. दुधासारखा पांढरा.

डॉक्टरांनी श्वास सोडला. तीस वर्षांत ही नजर एकदाही चुकली नव्हती. "शुभ्र आहे गं बाई. कावीळ असती तर हळदीसारखा दिसला असता. पाणी कमी पितेस तू. काळजी करू नकोस, काही विशेष नाही."

"रक्त तपासू का?"

"तपास की. सुई टोचली की पुढचा महिनाभर तुला हात दुखतो म्हणून सांगायला होईल."

दुसऱ्या फोनवर कुणीतरी पेशंट वाट बघत होता. डॉक्टरांनी बहिणीचा फोन ठेवला आणि त्याचा घेतला. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्यांनी टाकलं, 'पिरीचं आज डोळ्यांचं शिबिर झालं. निकाल: डोळे सुंदर.' सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. पिरीनेही एक पाठवला.

तिच्या घरी कुणाला दिसलं नाही का, असं कुणी विचारेल. नवरा अंधार पडल्यावर घरी यायचा, पिवळ्या दिव्याखाली जेवायचा. रोजच्या माणसाचा रंग रोज थोडा थोडा बदलला, तर रोज बघणाऱ्याला काय कळणार? शेजारीण एकदा म्हणाली, "काळवंडलात हो." पिरी अभिमानाने म्हणाली, "माझा भाऊ रोज बघतो मला. मोठा डॉक्टर आहे."

शेवटी पिरी स्वतःच आली. कुणाला न सांगता, सकाळच्या बसने, शाल गुंडाळून. भावाच्या घरी गेली नाही. घरी गेली असती तर थट्टा झाली असती. ती दवाखान्यात जाऊन बाकावर बसली, पेशंटांत पेशंट होऊन. कंपाउंडर नवा होता, त्याने ओळखलं नाही. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टर ॲपवर कुणाला तरी लिहीत होते.

"बोला," ते मान वर न करता म्हणाले.

"दादा."

डॉक्टरांनी मान वर केली. खिडकीतून सगळा उजेड पिरीच्या तोंडावर पडला होता. ती पिवळी होती. पिवळी म्हणजे नुसते डोळे नव्हेत. कपाळ, ओठांच्या कडा, शालीतून बाहेर आलेली बोटं, सगळं. गाल आत गेलेले, मानेवर नखांनी ओरखडून काढलेल्या रेघा. एखाद्या परक्या बाईला ते दारातच म्हणाले असते, उशीर झाला हो.

बहिणीला मात्र ते ओरडले. "अगं, काय करून घेतलंस हे! इतके दिवस कुठे झोपली होतीस? अक्कल आहे का काही?"

बाहेरच्या बाकावरचे दारातून डोकावू लागले.

"तुला सांगत होते," पिरी म्हणाली.

मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन डॉक्टरांचा कॉलेजातला मित्र. त्याने पोटाचे फोटो काढले, बराच वेळ पाहिले. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती आणि तिची पिलं यकृतात पसरली होती. "कापण्यासारखं आता काही राहिलं नाही," तो म्हणाला. "पित्ताची वाट मोकळी करून देतो, खाज थांबेल. बाकी देवाच्या हातात." मग त्याने मित्राकडे पाहिलं. "ही बरेच आठवडे पिवळी आहे रे. सुरुवातीलाच आली असती तर मी हात घातला असता. तुझीच बहीण ना? तू तर म्हणे दारात ओळखतोस."

 डॉक्टर खरोखरच बुचकळ्यात पडले होते. त्यांनी तो डोळा पाहिला होता. पांढरा होता.

उत्तर त्यांना पिरीच्या खाटेशी मिळालं. भाची कॉलेजातून निघाली होती. तिने रस्त्यातून आईला व्हिडिओ कॉल केला. पिरीने फोन वर धरला. डॉक्टर तिच्या मागे उभे होते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना पिरीचा छोटा चौकोन दिसला. गुलाबी पिरी. त्यांनी उशीवरच्या डोक्याकडे पाहिलं, मग चौकोनाकडे, मग पुन्हा उशीकडे.

"आई, तू तर छान दिसतेयस की!" फोनमधून भाची म्हणाली. "मामा उगाच घाबरवतो."

 डॉक्टर खुर्चीवर बसले.

संध्याकाळी पिरीचा नवरा पोचला, भाचीही आली होती. बायको कोपऱ्यात उभी होती. नवऱ्याला आयुष्यात कुणाला जाब विचारायची सवय नव्हती. त्याने हात जोडल्यासारखे करत विचारलं, "दादा, तुम्ही रोज बघत होतात ना हिला? मग... म्हणजे मी आपलं विचारतो."

सगळ्यांची तोंडं डॉक्टरांकडे वळली. आणि तीस वर्षं सावलीत बसून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडणाऱ्या त्या माणसाने जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं.

"काय बघणार, भाऊजी? तुमच्या मुलीने फोनला रंग फासून ठेवला होता! गाल गुलाबी, डोळे पांढरे. मी डोळा बघितला होता. पापणी ओढून बघितला होता! पोरखेळ करून ठेवलाय, तर डॉक्टर काय करणार?"

भाचीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने आईचा फोन उचलला, कॅमेरा उघडला, आईकडे धरला. एकदा पडद्यात पाहिलं, एकदा आईकडे. फोन तिने खाटेवर ठेवला, अगदी हळू, आणि ती खोलीबाहेर गेली. पिरीने हाक मारली, ती आली नाही.

त्यानंतर भाची आईजवळ बसेना. हॉस्पिटलात यायची, पण व्हरांड्यात बसायची. बापाने ओढून आणली तरी खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, जमिनीकडे बघत. आईचा हात अंगाला लागला की मागे सरकायची. जेवण सोडलं. स्वतःचा फोन बंद करून मामीच्या कपाटात ठेवला.

पिरीची खाज थांबली होती. वेदना नव्या होत्या, पण त्यांच्याबद्दल ती आता चकार शब्द काढत नव्हती. तिला एकच हवं होतं. एके दुपारी सगळ्यांना बाहेर घालवून तिने भावाला जवळ बसवलं.

"दादा, माझी पोर मला हातही लावत नाही."

"वेळ लागेल तिला."

"माझ्याकडे वेळ आहे का? तू डॉक्टर आहेस, तू सांग." डॉक्टरांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली. "मी तुला खाज सांगितली होती. भूक नाही म्हणाले होते. परसाकडचंसुद्धा सांगितलं, लाज सोडून. रक्त तपासू का विचारलं, तू हसलास. हे तिला सांग."

"पिरे..."

"मी सांगू शकते. पण मी सांगितलं, तर तिला मामा उरायचा नाही. उद्या आई नसणार, बाप असा गरीब. तिला तू हवायस. म्हणून तू सांग. तुझ्या तोंडाने सांगितलंस, रडलास थोडा, तर ती माफ करेल. माझीच पोर आहे, मऊ आहे. सांगशील ना?"

"सांगतो."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ," डॉक्टर म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते खरं होतं.

ते व्हरांड्यात आले. भाची बाकावर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर दिवसाचा लख्ख उजेड होता आणि डॉक्टरांना सगळं दिसलं: रात्र-रात्र जागलेले डोळे, कुरतडलेली नखं, मनगटाचं वर आलेलं हाड. या पोरीला काय झालंय ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. औषधही एकट्या त्यांच्याजवळ होतं, आणि ते एका वाक्याचं होतं. आई मला सांगत होती, मी ऐकलं नाही.

ते शेजारी बसले. व्हरांड्याच्या टोकाला पिरीचा नवरा उभा होता. नर्सा येत-जात होत्या. दोघी-तिघी त्यांना ओळखत होत्या, एक हसून मान लववून गेली, "नमस्कार डॉक्टर."

"बबडे," ते म्हणाले, "हे बघ. असे आजार उशिराच कळतात. चूक कुणाचीच नसते."

भाचीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "खरंच, मामा? म्हणजे फोन नसता तसा, तरी कळलं नसतं?"

हो म्हणायचं होतं. नुसतं हो. पण हो म्हटलं, की पुढचा प्रश्न आला असता: मग 'सुरुवातीलाच आली असती तर' असं सर्जन का म्हणाले? आणि त्याच्या पुढचा. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"तसं नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. आणि वर, प्रेमाने, तिच्या डोक्यावर हात ठेवून, "ते बटण मात्र आता बंद करून टाक हं."

भाचीची मान खाली गेली.

डॉक्टर परत खोलीत गेले. पिरीने डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी मान हलवली, सांगितलं म्हणून. पिरी हसली. तिने दाराकडे पाहिलं आणि बघत राहिली, लेक आता येईल म्हणून. लेक आली नाही. "धक्का बसला असेल तिला," पिरी म्हणाली. "तू तरी किती धीर केलास रे दादा." तिने भावाचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

घरी नेल्यावर ती फार काळ राहिली नाही. शेवटच्या दिवसांत ती दाराकडे तोंड करून निजायची. मुलगी शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. आईने हाक मारली की "आले" म्हणायची आणि यायची नाही. पिरी गेली तेव्हा तिच्या उशाशी भाऊ होता, नवरा होता, वहिनी देवाचं नाव घेत होती. भेटायला आलेले म्हणत होते, "काय सोसलं हो बाईंनी! शेवटी शेवटी तक्रारीचा एक शब्द नाही." घरच्या ग्रुपवर डॉक्टरांनी पिरीचा फोटो टाकला. गुलाबी गालांचाच टाकला, कारण दुसरा अलीकडचा नव्हता.

दवाखाना पुन्हा सुरू झाला. ॲपवर बहिणीच्या दुःखाबद्दल पेशंटांनी फार चांगलं लिहिलं. 'घरात एवढं होऊनही डॉक्टर तितकेच गोड बोलतात.' चांदण्या वाढल्या.

भाचीने कॉलेजचं ते वर्ष सोडलं. कित्येक रविवार ती मामाकडे आली नाही. मग एकदा आली, घरी नाही, दवाखान्यात. आतल्या खोलीत येऊन पेशंटांच्या खुर्चीत बसली. येताना आणलेला डबा तिने टेबलावर ठेवला.

"मामा, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"आई तुला आधी काही बोलली होती का? काही दुखतंय, काही होतंय, असं? बाबांना तर काही आठवत नाही. पण ती सगळं तुलाच सांगायची ना. निदान काहीतरी बोलली असेल." तिने डबा त्यांच्याकडे सरकवला. "बोलली असेल तर मला बरं वाटेल, मामा. कसं सांगू, पण बरं वाटेल."

ज्या बाईने जन्मभर सगळं बोलून दाखवलं, तिच्याबद्दलचा हा प्रश्न होता. पिरी नव्हती. ग्रुपवर नुसते विनोद होते. जेवताना झालेलं बोलणं बायकोने अर्धंमुर्धं ऐकलं होतं, आणि ती नवऱ्याविरुद्ध बोलणारी नव्हती. ती फक्त देवापुढे जास्त वेळ बसायला लागली होती.

"नाही गं," डॉक्टर म्हणाले. "काहीच बोलली नाही. बोलली असती, तर मी सोडलं असतं का?"

भाचीने मान हलवली. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, मामा," ती म्हणाली. "तुझ्यापर्यंत मीच पोचू दिलं नाही तिला."

आणि डॉक्टरांनी तिला तसं म्हणू दिलं.